रक्तबिंबिका आणि हृदयविकाराचा झटका

‘प्लेटलेट’ हा शब्द आज पुलगावातील कोणत्याही वस्तीत नवा राहिलेला नाही. पावसाळा सरत आला, डेंग्यूच्या तापाची साथ सुरू झाली, की घरोघरी एकच चौकशी असते, “पेशी किती आहेत?” चाळीस हजार म्हटले की आईचा चेहरा उतरतो, लाखाच्या वर गेल्या म्हटले की साऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. कोणी पपईच्या पानांचा रस पाजतो, कोणी रक्तदाता शोधत वर्ध्याला धावतो. थोडक्यात, प्लेटलेट जितक्या जास्त तितके चांगले, अशी आपली सर्वांची समजूत होऊन बसली आहे.

परंतु याच प्लेटलेट हृदयविकाराच्या झटक्यात माणसाच्या जिवावर उठतात, आणि त्यांना काही काळ आवरून धरणे हाच त्या वेळच्या उपचाराचा एक मुख्य भाग असतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कला शाखेत शिकलेल्या आणि बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाने वैद्यकावर लिहावे का, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. तो योग्यच आहे. तरीही ही माहिती सर्वसामान्यांच्या भाषेत आपल्या स्मरणिकेत यावी असे आम्हांस वाटले, कारण या रोगात पहिला निर्णय डॉक्टर घेत नाहीत, तो घरातली माणसे घेतात. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर सोडा पिऊन पडून राहायचे की दवाखाना गाठायचा, हे घरीच ठरते आणि पुष्कळदा जगणे-मरणे तेथेच ठरून जाते.

मराठी पुस्तकांत प्लेटलेटला रक्तबिंबिका किंवा बिंबाणू म्हटलेले आढळते. आम्ही येथे बिंबिका हाच शब्द वापरतो. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात आणि या बिंबिका असतात. डेंग्यूच्या दिवसांत लोक ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे म्हणतात, तेथे थोडा घोटाळा होतो. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. बिंबिकांचे मुख्य काम गळती थांबविण्याचे. बिंबिका ही खरे म्हणजे पूर्ण पेशीही नव्हे. हाडांच्या मगजात फार मोठ्या आकाराच्या पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, तेच हे कण. ही गोष्ट 1906 साली जेम्स रायट या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिली. एका कणाची रुंदी दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे असे चार-पाचशे कण एका ओळीत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात ते दीड लाख ते साडेचार लाख असतात. साऱ्या शरीराचा हिशेब केला तर आकडा लाख कोटीच्या घरात जातो. एका बिंबिकेचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे, त्यामुळे जुन्या जात असतात आणि मगजातून नव्या येत असतात. शिवाय तिच्यात केंद्रक नसते. ही केंद्रक नसण्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे फार महत्त्व आहे.

त्यांचे काम प्रथम नीट पाहिले ते इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो या डॉक्टरांनी, 1882 साली. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा करून ते सूक्ष्मदर्शकातून पाहत बसले. त्यांना दिसले की जखमेच्या जागी सर्वांत आधी हे कण येऊन चिकटतात, मग एकमेकांना चिकटतात आणि छिद्र बुजवतात.

हे कसे घडते ते समजून घ्यायला आपल्या गावापेक्षा चांगले उदाहरण नाही. वर्धा नदीला पूर आला की पुलाच्या खांबाला आधी एखादी फांदी अडकते. त्या फांदीला गवत अडकते, गवताला चिंध्या, चिंध्यांना पऱ्हाट्या, आणि पाहता पाहता खांबाभोवती मोठा भारा जमतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर गुळगुळीत असते तोवर बिंबिका त्यावरून वाहत जातात, कुठे थांबत नाहीत. अस्तर फाटले की त्याखालचे कोलॅजन नावाचे तंतू उघडे पडतात. बिंबिका त्यांना चिकटतात. चिकटताच त्यांचा आकार बदलतो, चपटी चकती काटेरी होते, आणि त्या आपल्या पोटातली रसायने बाहेर सोडतात. त्यातील दोन आपण लक्षात ठेवू: एकाचे नाव ए.डी.पी. आणि दुसरे थ्रॉम्बोक्सेन. ही रसायने म्हणजे जणू आरोळीच. ती ऐकून वाहत्या रक्तातील दुसऱ्या बिंबिका जाग्या होऊन धावत येतात, त्याही आरोळ्या देतात, आणखी येतात. प्रत्येकीच्या अंगावर हजारो आकडे उघडतात आणि त्या आकड्यांनी त्या एकमेकींत गुंतून जातात. पाठोपाठ रक्तातील फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे त्या ढिगावर विणले जाते. कापसाच्या आणि गिरणीच्या गावातील वाचकाला धाग्याने गाठोडे कसे आवळले जाते ते सांगायला नको. झाली गुठळी तयार.

विळ्याने बोट कापले, बाळंतपण झाले, अपघात झाला, तर हीच यंत्रणा आपला जीव वाचवते. तिच्यात खोट काहीच नाही. खोट होते ती जागेत.

हृदय हा सतत काम करणारा स्नायू आहे आणि त्याला स्वतःला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या असतात. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांमुळे या वाहिन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साठतात. या थरावर पातळ पापुद्रा असतो. एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटतो. बिंबिकांना काय कळणार की हा विळा लागलेला नाही, ही आतली भिंत फुटली आहे? त्यांच्या दृष्टीने जखम ती जखम. त्या आपले कर्तव्य करू लागतात आणि त्या चिमुकल्या वाहिनीत बूच बसते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. यालाच हृदयस्नायूची तीव्र रक्तटंचाई म्हणतात. वाहिनी पूर्ण बंद झाली तर अर्ध्या तासाच्या आतबाहेर स्नायू मरू लागतो आणि काही तासांत त्या भागातील बहुतेक स्नायू मरून जातो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फाटणारा थर पुष्कळदा फार मोठा नसतो. वाहिनी निम्मीसुद्धा अडलेली नसते, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत माणसाला काही त्रास नसतो. “कालच तर आमच्यासोबत विहारात होते, स्वतः सतरंज्या उचलल्या,” असे जे आपण अंत्ययात्रेत ऐकतो, त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. अडथळा वर्षानुवर्षांचा नव्हता, तासाभरात जमलेला होता. पहाटे उठल्यानंतरच्या काही तासांत झटक्याचे प्रमाण जास्त असते, आणि त्याच वेळी, माणूस अंथरुणातून उठून उभा राहिला की, बिंबिकांचा चिकटपणाही वाढतो असे 1980 नंतरच्या दशकातील अभ्यासांत दिसून आले. विडी-सिगारेटच्या धुरानेही बिंबिका चेकाळतात. खर्ऱ्याबद्दल आम्ही वेगळे लिहीत नाही. पाचव्या शीलात खर्रा मोडतो की नाही यावर आमच्या मंडळींत दरवर्षी वाद होतो, आणि वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात तो असतो. तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराचा धोका वाढतो हे अनेक देशांतील अभ्यासाने 2006 साली स्पष्ट झाले आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

झटका गुठळीने येतो हे आज शाळकरी मुलगाही सांगेल, पण डॉक्टरांमध्ये यावर दीर्घकाळ वाद होता. गुठळी आधी की स्नायूचे मरण आधी, यावर दोन तट होते. 1980 साली अमेरिकेतील मार्कस डीवुड यांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत आलेल्या रुग्णांच्या वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून चित्रे काढली. त्यातील 87 टक्के रुग्णांची वाहिनी संपूर्ण बंद होती. तेव्हापासून गुठळीवर सरळ हल्ला करण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याआधी काय होते? फार लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामच्या ज्या रुग्णालयात आपण धावतो, ते ज्यांच्या नावाने आहे त्या कस्तुरबा गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना 1944 च्या जानेवारीत त्यांना हृदयविकाराचे झटके आले आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. गिल्डर यांच्यासारखे नामांकित हृदयतज्ज्ञ तेथे होते. पण त्या काळी जगातील कोणत्याही डॉक्टरजवळ अशा रुग्णासाठी सक्त विश्रांती, वेदना शमविणारे मॉर्फिन आणि प्राणवायू यांपलीकडे फारसे काही नव्हते. आणि गंमत अशी की त्याच काळी ॲस्पिरिनची गोळी डोकेदुखीसाठी जगभर विकली जात होती! जर्मनीच्या बायर कंपनीने ती 1899 पासून बाजारात आणलेली होती. औषध होते, पण ते कशाचे औषध आहे हेच माहीत नव्हते.

पहिला सुगावा लागला तो एका साध्या डॉक्टरला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन हे टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना दुखणे थांबावे म्हणून ॲस्पिरिनचा चघळण्याचा गोंद देत. काहींना जास्त रक्तस्राव होतो असे त्यांच्या लक्षात आले. जे रक्त गोठू देत नाही ते हृदयातील गुठळीही रोखेल, असा तर्क करून 1950 च्या सुमारास त्यांनी आपल्या रुग्णांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली आणि लहानसहान मासिकांत लेख लिहिले. कोणी विशेष लक्ष दिले नाही. पुढे 1971 साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन काम कसे करते त्याचे मर्म उकलले. त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ते मर्म असे. बिंबिकेला थ्रॉम्बोक्सेनची आरोळी देण्यासाठी एक विकर लागते. ॲस्पिरिन त्या विकराला कायमचे कुलूप लावते. दुसऱ्या पेशींत असे झाले तर केंद्रकाच्या हुकुमाने नवे विकर तयार होते. बिंबिकेत केंद्रकच नाही! त्यामुळे एकदा कुलूप लागलेली बिंबिका आपले उरलेले आठ-दहा दिवस मुकीच राहते. म्हणून अगदी लहान गोळी दिवसातून एकदा पुरते, आणि म्हणूनच गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम आठवडाभर रेंगाळतो.

तर्क चांगला असला तरी तर्क म्हणजे पुरावा नव्हे. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, एवढेच नव्हे तर केवळ तर्काला पटले म्हणूनही मानू नका, पडताळून पाहा. ॲस्पिरिनची अशी पडताळणी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केली आणि 1988 साली प्रसिद्ध केली. 417 रुग्णालये, 17,187 रुग्ण. झटका आल्याचा संशय असलेल्यांपैकी काहींना महिनाभर रोज ॲस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही, काहींना एकही नाही. कोणाला काय मिळते हे चिठ्ठीवर ठरले, डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावलेल्यांचे प्रमाण दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत 13.2 टक्के होते, दोन्ही मिळालेल्यांत 8 टक्के. एकट्या ॲस्पिरिननेही मृत्यू सुमारे एक चतुर्थांश कमी झाले, जवळपास तितकेच जितके त्या महागड्या सुईने. चहाच्या कपापेक्षा कमी किमतीच्या गोळीची ही करामत.

या अभ्यासातील एक भाग तर आमच्या वाचकांना विशेष आवडेल. रुग्णांचे लहान लहान गट पाडून कोणत्या गटाला फायदा, कोणत्याला नाही, असे दाखवा, अशी मागणी संशोधकांकडे झाली. असे तुकडे पाडले की केवळ योगायोगानेही खोटे निष्कर्ष निघतात हे त्यांना ठाऊक होते. ते पटवून देण्यासाठी त्यांनी मुद्दाम रुग्णांच्या जन्मराशींप्रमाणे गट पाडले आणि आकडे छापले: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, बाकी साऱ्यांना भरपूर! अर्थ उघड आहे. पत्रिका पाहून लग्न जुळवणाऱ्या आपल्याच काही बांधवांना हा मजकूर वाचून दाखवावा असे आम्हांस वाटते.

ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज यांची जोडी का जमली तेही सांगतो. स्ट्रेप्टोकायनेज फायब्रिनचे धागे विरघळवते. पण धागे सुटले की आतल्या बिंबिका मोकळ्या होऊन आणखी चेकाळतात आणि उघडलेली वाहिनी पुन्हा बंद होऊ शकते. ॲस्पिरिन त्यांना गप्प करते. धागा कापणे आणि आरोळी थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरी आरोळी, म्हणजे ए.डी.पी.ची, ॲस्पिरिनने थांबत नाही. तिच्यासाठी क्लोपिडोग्रेल आले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील 45 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिनला त्याची जोड दिल्याने मृत्यू आणखी थोडे घटल्याचे दिसले. 2009 साली त्याहून प्रभावी टिकाग्रेलॉर पुढे आले. आज झटका आलेल्या रुग्णाला ॲस्पिरिन आणि या दुसऱ्या गटातील एक अशा दोन गोळ्या सुरुवातीलाच देतात ते याच कारणाने. वाहिनी पूर्ण बंद असेल, आणि हे ई.सी.जी.वरून कळते, तर ती लवकरात लवकर उघडावी लागते: जवळ सोय असेल तर फुग्याने व स्टेंटने, नसेल तर गुठळी विरघळवणाऱ्या सुईने. वाहिनी अर्धवट बंद असेल तर ही सुई देत नाहीत. तेथे बिंबिकांना आवरणारी औषधे आणि हेपारिन यांवरच मुख्य भिस्त असते, पुढे गरजेप्रमाणे फुगा. म्हणून “आमच्या पाहुण्याला सुई दिली, आमच्या बाबांना का नाही?” असे डॉक्टरांशी भांडण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. 2001 ते 2005 या काळात भारतातील 50 शहरांतील 89 रुग्णालयांत अशा वीस हजारांवर रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि 2008 साली ती प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मधला आकडा होता 360 मिनिटे. सहा तास! तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत 5.5 टक्के, गरिबांत 8.2 टक्के. गरीब जास्त का मेले? त्यांचा आजार अधिक बिकट होता म्हणून नव्हे. मिळालेल्या उपचारांतील फरकाचा हिशेब वजा केला तेव्हा गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूंतील फरक नाहीसा झाला. म्हणजे गरिबाच्या आणि श्रीमंताच्या बिंबिका सारख्याच चिकटतात, सारख्याच औषधाने आवरतात. औषध मात्र सारखे मिळत नाही. ज्या समाजाला पाण्यासाठी महाडच्या तळ्यावर जावे लागले, त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पैशाचा अडथळा आज पूर्वीइतका राहिलेला नाही. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात. योजनेची कागदपत्रे, रेशनकार्ड व आधारकार्ड एका पिशवीत घालून ती पिशवी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीला लावून ठेवावी. रात्री दोन वाजता कपाट उपसण्यात जाणारी वीस मिनिटे आम्ही अनेक घरांत पाहिली आहेत.

अंतराचा अडथळा मात्र आहेच. पुलगावहून वर्धा तीस-पस्तीस किलोमीटर, सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये त्याच बाजूला, नागपूर शंभर किलोमीटरच्या पुढे. सहा तास मात्र या रस्त्याने जात नाहीत, ते घरात जातात. “गॅस धरला असेल,” म्हणून ओवा, मग सोडा, मग शेजारच्या काकूंचा बाम, मग सकाळी पाहू. छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, मळमळ, धाप, यांपैकी काहीही वीस मिनिटांच्या वर टिकले तर तो गॅस आहे हे ठरवण्याचा अधिकार ई.सी.जी.ला द्यावा, काकूंना नव्हे. मधुमेही माणसाला आणि बायाबापड्यांना दुखणे कमी आणि घाम, थकवा, धाप जास्त असेही होते. “मायला काही नाही, जागरण झाले,” असे म्हणून आपण बाईमाणसाचे दुखणे सर्वांत शेवटी मनावर घेतो, हे स्पष्टच लिहिले पाहिजे.

108 क्रमांकावर फोन करावा, रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. फोनवर डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. चावून अशासाठी की ती लवकर रक्तात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत बिंबिकांना कुलूप लागू लागते. ज्याला ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, ज्याला रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होते, ज्याला नुकताच मेंदूत रक्तस्राव झाला आहे, त्याला देऊ नये. आणि गोळी दिली म्हणून निवांत बसू नये. गोळी वाहिनी उघडत नाही, ढीग वाढू नये एवढेच पाहते.

याच्या उलट चूकही होते. लेख वाचून धडधाकट माणसाने रोज ॲस्पिरिन सुरू करू नये. 2018 साली तीन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतील एकात पंधरा हजारांवर मधुमेही होते. ॲस्पिरिनने त्यांचे हृदय-मेंदूचे झटके 12 टक्के कमी झाले, पण गंभीर रक्तस्राव 29 टक्के वाढला. ज्याला एकदा झटका येऊन गेला किंवा स्टेंट बसला, त्याचा हिशेब वेगळा. त्याला ॲस्पिरिन बहुधा जन्मभर आणि जोडीची दुसरी गोळी साधारण वर्षभर घ्यावी लागते. स्टेंट ही धातूची जाळी, नवी असताना बिंबिकांना ती परकीच वाटते. आमच्या ओळखीतील एका निवृत्त गिरणी कामगाराने स्टेंटनंतर तिसऱ्या महिन्यात दाढ काढायची म्हणून दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या आणि आठवडाभरात ते पुन्हा अतिदक्षता विभागात दाखल झाले. दाढ काढण्यासाठी बहुधा या गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारायचे होते, इतकेच. गुडघेदुखीसाठी इबुप्रोफेनसारखी गोळी घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावे, कारण ती आधी घेतली तर ॲस्पिरिनला बिंबिकेच्या कुलपापर्यंत पोहोचू देत नाही.

आणि स्टेंट बसलेल्या माणसालाच डेंग्यू झाला तर? एरवी डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन वर्ज्य आहे, कारण बिंबिका आधीच घटलेल्या असतात. येथे मात्र दोन्ही बाजूंनी धोका. गोळ्या चालू ठेवल्या तर रक्तस्रावाचा, थांबवल्या तर स्टेंट बंद होण्याचा. बिंबिका किती उरल्या आहेत आणि स्टेंट बसून किती दिवस झाले आहेत, या दोन आकड्यांवर डॉक्टर निर्णय घेतात. पहिला आकडा प्रयोगशाळा सांगते. दुसरा रुग्णाच्या घरच्यांना आठवावा लागतो, आणि तापाच्या धावपळीत तो आठवत नाही. तेव्हा स्टेंट बसल्याची तारीख आणि चालू गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती खिशातील पाकिटात, आधारकार्डाच्या मागे ठेवावी.